खारकर आळीतली स्कॉच

आमच्या घरी स्कॉच यायची ती माणसाबरोबर. मस्कतहून मामा आले, बोटीवरच्या मधल्या काकांची रजा सुरू झाली, आत्याचे यजमान कंपनीच्या कामाला जर्मनीला जाऊन परतले, की एखादी बाटली घरात यायची. दुकानात जाऊन, पैसे मोजून स्कॉच आणता येते ही कल्पनाच ठाण्याच्या खारकर आळीत वाढलेल्या आम्हा चुलत-आत्तेभावंडांना नव्हती. अजूनही कुणी आवडती सिंगल माल्ट विचारली की ती पहिल्यांदा घरी आणणारा माणूस आधी डोळ्यांसमोर येतो आणि मग बाटलीवरचं नाव.

आम्ही भावंडं साठ-सत्तरच्या दशकांतली. घर सीकेप्यांचं, खाण्यापिण्याची हौस असलेलं. सोडे, कोलंबी, वालाचं बिरडं, खिम्याचे पॅटिस यांना कधी तोटा नव्हता आणि घरातले पुरुष घेतात हेही कुणापासून लपलेलं नव्हतं. पण सगळं बांधलेलं होतं. शनिवार, रात्रीची जेवणं व्हायच्या आधी, माडीवरची रस्त्याकडची खोली, आणि दोन पेगांनंतर ताट. श्रावण लागला की बाटली बंद, ती गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र उरकेपर्यंत. पुढे वाड्यात माणसं मावेनात, तेव्हा एक बिऱ्हाड डोंबिवलीला टिळकनगरात गेलं, एक कल्याणला पारनाक्याजवळ, एक खाडी ओलांडून कळव्याला. भांडी वाटली गेली, देव वाटले गेले. शनिवारचा हा नियम मात्र प्रत्येक घरात जसाच्या तसा गेला.

या नियमाचं मूळ आजोबांच्या काळात आहे. आजोबा जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला. 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. ज्याला घ्यायची त्यानं प्रकृतीचं कारण दाखवून, डॉक्टरांचं पत्र जोडून परवाना काढायचा. अडीनडीला घरात ब्रँडी ठेवायची, तर त्यालाही वेगळा परवाना. आजोबांनी रीतसर अर्ज केला आणि परवाना घेतला. सरळमार्गी सरकारी माणसाला आपण आजारी आहोत असं लिहून द्यावं लागलं, याचं त्यांना अखेरपर्यंत वाईट वाटत राहिलं. त्यांचं परवान्याचं पुस्तक रेशनकार्डाबरोबर एकाच खाकी पिशवीत असायचं. आम्ही ते पाहिलं तेव्हा पानं पिवळी पडून कडांना तुटायला लागली होती, पण जांभळे शिक्के स्वच्छ वाचता येत होते.

मधले काका यावर अमेरिकेची गोष्ट सांगायचे. तिथे 1920 ते 1933 दारूबंदी होती, आणि त्या काळातही स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लाफ्रॉइग औषध म्हणून देशात शिरत होती. तिचा टिंक्चर आयोडीनसारखा वास घेतल्यावर कुठल्याही अधिकाऱ्याला ते पटलं असतं, असं काकांचं मत. पुढे आम्ही स्वतः लाफ्रॉइगचा वास घेतला तेव्हा ते आम्हालाही पटलं.

ज्यांना डॉक्टर परवडत नव्हता आणि अर्ज लिहिता येत नव्हता, त्यांच्यासाठी खाडी होती. तिवरांच्या आडोशाला हातभट्ट्या लागायच्या. काळा गूळ, नवसागर आणि मिळेल ते कुजवून काढलेली दारू मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून रातोरात वस्त्यांत जायची. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशींचा नवरा त्या दारूनं गेला. आजीनं त्या घराची झालेली दशा जवळून पाहिली होती आणि माडीवरच्या खोलीला तिनं घातलेल्या सगळ्या अटींच्या मागे ते घर होतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली, तेव्हा आम्हा भावंडांच्या बोलण्यात पहिल्यांदा आजीच आली. बंदीनं दारू थांबली नाही. ती गरिबाच्या घरात विष होऊन गेली आणि शिकलेल्याच्या घरात परवाना होऊन. माझं हे मत आता बदलेल असं वाटत नाही.

आजीनं तरुणपणी बालगंधर्वांची सिंधू पाहिली होती. राम गणेश गडकरींचं ते नाटक, 'एकच प्याला', रंगभूमीवर आलं 1919 साली, गडकरी वारले त्याच वर्षी. आमच्या ठाण्याच्या नाट्यगृहाला त्याच गडकरींचं नाव आहे. मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन 1978 मध्ये उघडलं तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो. त्या नाटकात तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आहे. वडील आणि काका मंडळींनी आपल्या शनिवारच्या बैठकीला हौसेनं तेच नाव दिलं होतं. आजीला ते कधीच खपलं नाही. तिच्यासमोर ते नाव कुणी काढलं की ती पानावरून उठायची. तिच्या डोळ्यांसमोर सिंधूचं दारूनं उद्ध्वस्त झालेलं घर असायचं, आणि तिला चूक म्हणायची आमच्यापैकी कुणाची प्राज्ञा नव्हती.

कारण तिची भीती पुढे आमच्याच घरात खरी झाली. धाकटे काका. गळा गोड, हाताला चव, माणूस लाखातला. गिरणी बंद पडली आणि त्यांना दारू लागली. शनिवारची मर्यादा आधी मोडली ती त्यांनी, आणि मग काकूचे दागिने गेले. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. आत्यानं काकांना तिथे नेलं. काका तिथून बरे होऊन आले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी थेंबाला हात लावला नाही. ते हयात असेपर्यंत ज्या समारंभाला ते येणार तिथे बाटली निघत नसे. परदेशातून कुणी कितीही किमतीची आणलेली असो, ती पिशवीतून बाहेरच यायची नाही. याबद्दल कधी ठराव झाला नाही की चर्चा झाली नाही. त्या पिढीबद्दल मला सर्वांत जास्त अभिमान या गोष्टीचा वाटतो.

साठच्या दशकात बंधनं सैल व्हायला लागली, सत्तरीच्या सुरुवातीला आणखी सैल झाली. स्टेशनाबाहेर परमिट रूमच्या पाट्या लागल्या. वडिलांची पिढी वागळे इस्टेटमध्ये, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, मंत्रालयात, बँकांत नोकऱ्या करणारी. त्यांच्या पेल्यात स्कॉच क्वचितच असे. शेजारच्या निवृत्त सुभेदारांच्या कँटीनच्या कोट्यातली रम असायची, बहुतेक वेळा 1954 मध्ये आलेली ओल्ड मंक. नाहीतर पीटर स्कॉट, डिप्लोमॅट, मॅक्डॉवेल्स. लेबलवर व्हिस्की लिहिलेलं असलं तरी अशा बहुतेक देशी बाटल्यांच्या मुळाशी साखर कारखान्याची मळी असायची. मळीपासून काढलेला मद्यार्क, त्यात थोडी माल्ट, रंग आणि वास. युरोपात या पेयाला व्हिस्की म्हणू देत नाहीत, तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला तो 1950 च्या सुमाराचा, आणि त्यानंतर महाराष्ट्रात ऊस वाढत गेला तशी मळीही. मळी भरपूर आणि बार्ली महाग, मग दुसरं काय होणार? वडिलांना हे सगळं ठाऊक होतं. तरी सोडा, बर्फ आणि लिंबाची फोड घालून ते ती शांतपणे घेत आणि वर आकाशवाणीवरचं गाणं ऐकत.

या सगळ्यात एखादी खरी स्कॉच आली की घरात बातमी व्हायची. डोंबिवलीच्या काकांना ऑफिसात फोन जायचा, कल्याणला निरोप जायचा. बाटली आधी आजीच्या गोदरेजच्या कपाटात, शालूच्या खालच्या कप्प्यात, लुंगीत गुंडाळलेली. किल्ली आजीच्या कनवटीला. साखरपुडा, बढती, नाहीतर दिवाळीतला पाडवा अशा निमित्तानं ती बाहेर निघायची. जॉनी वॉकरची चौकोनी बाटली, तिच्यावरचं 24 अंशांत तिरकं लावलेलं लेबल आणि काठी घेऊन निघालेला तो लाल कोटातला माणूस. आम्हा मुलांना बाटली हातात घेऊ द्यायचे, पण बसून, मांडीवर ठेवून. झाकण फिरवताना कडकन आवाज आला म्हणजे सील खरं. तोंडात बसवलेल्या गोटीमुळे दारू धार धरून पडत नसे, गुटगुट करत अडखळत यायची. हा आवाज ऐकायला आम्ही जिन्यावर बसून राहायचो. झाकण आळीपाळीनं हुंगायला मिळायचं, तेवढाच आमचा वाटा.

ओतण्याचं काम थोरल्या काकांचं. काचेचे छोटे पेले एका रांगेत लावायचे, खाली वाकून डोळा पेल्याच्या पातळीवर आणायचा आणि सगळ्यांत सारखी भरायची. वयानं मोठ्याला आधी. झाल्यावर लेबलच्या कडेला पेन्सिलीची रेघ. एकच बाटली तीन-तीन सण पुरवायची असे, म्हणून रेघ. विश्वास नव्हता म्हणून नव्हे.

रिकामी बाटली कधी टाकली गेली नाही. चौकोनी बाटल्या फ्रीजच्या दारात पाण्यासाठी नेमक्या बसत. व्हॅट सिक्स्टीनाइनची हिरवी, पोटाशी फुगीर बाटली हिंदी सिनेमातल्या प्रत्येक खलनायकाच्या टेबलावर दिसायची. आमच्याकडे तिच्यात मनी प्लँट होता. भंगारवाला स्कॉचच्या बाटलीला वेगळा भाव द्यायचा. तो का देतो हे कळल्यापासून आजीनं विकायची बाटली आधी फोडायची असा दंडक घातला.

सिंगल माल्ट घरात आली ती आमच्या पिढीबरोबर. नव्वदचं दशक संपताना कॉम्प्युटरवाली मुलं भराभर परदेशी निघाली आणि आमचा एक आत्तेभाऊ लंडनहून ग्लेनफिडिक घेऊन आला. हिरवी तीनधारी बाटली, गोल नळकांड्यात घातलेली. ते नळकांडं आईनं त्याच रात्री मागून घेतलं आणि त्यात विणकामाच्या सुया ठेवल्या. त्या अजून तिथेच आहेत.

कल्याणच्या काकांनी सवयीनं सोड्याची बाटली उघडली, तेव्हा मधल्या काकांनी त्यांचा हात धरला. मधले काका जन्मभर बोटीवर, ग्लासगोच्या बंदराला अनेकदा लागलेले. ते म्हणाले, "अरे थांब. ही घाईनं घ्यायची नाही. आधी नुसती हुंग." मग त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला आणि चमच्यानं प्रत्येकाच्या पेल्यात चार-चार थेंब घातले. वास खरोखर बदलला. आधी नाकाला झोंबत होतं, मग पेरूसारखं काहीतरी आलं. पुढे 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी संगणकावर मांडून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉलसारखे वासाचे रेणू पेल्यातल्या द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात. काकांनी ते बंदरावरच्या गुत्त्यात बसून शिकून घेतलं होतं.

तोपर्यंत आमच्या घरात दारू नाकानं कुणी घेतली नव्हती. घशाखाली उतरवायची आणि वर चखणा खायचा, एवढंच माहीत. त्या रात्री पहिल्यांदा माणसं पेला हातात धरून गप्प बसली, आणि मग बोलायला लागली ती दारूबद्दल. कुणाला मध लागला, कुणाला जुनं लाकूड. बाहेर चाललेलं बोलणं ऐकून आत्या स्वयंपाकघरातून बोंबील तळायचं सोडून आली. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. दारात उभी राहून म्हणाली, "वासच घ्यायचाय ना? मग मलाही द्या." थोरल्या काकांनी क्षणभर आजीकडे पाहिलं. आजी तेव्हा नव्वदीच्या घरात. ती काही बोलली नाही. काकांनी पेला भरून आत्याला दिला, आणि रांगेत तो तिच्या वयाच्या क्रमानं दिला, म्हणजे वडिलांच्या आधी.

इतकी वर्षं ज्या बायकांनी बोंबील तळले, बर्फ फोडला, किल्ली सांभाळली, कोण किती प्यालं याचा हिशेब मनात ठेवला, त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. कुणी घ्यावी असा आग्रह नाही. आई आजही घेत नाही, तिला चवच आवडत नाही. पण विचारायचं असतं, आणि खुर्ची ठेवायची असते. त्या दिवसापासून आमच्याकडे बैठक माडीवरून खाली जेवणाच्या टेबलाशी आली.

माल्ट म्हणजे नेमकं काय, हे आईला समजावायला वेळ लागला नाही. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, ते वाढायच्या आत गरम हवेनं वाळवायचे, मग भरडायची. आई म्हणाली, हे तर नाचणीचं सत्त्व. तेच आहे. मोड येताना दाण्यातल्या पिष्टाची साखर करणारी विकरं जागी होतात, आणि बाळाला नाचणीसत्त्व पचायला सोपं जातं तेही त्यामुळेच. पुढचा भाग वेगळा. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून आंबवायचं, तांब्याच्या भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातन करायचं आणि ओकच्या पिंपात कमीत कमी तीन वर्षं ठेवायचं. एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून आणि तांब्याच्या भांड्यांत तयार झालेली ती सिंगल माल्ट. जॉनी वॉकर, व्हॅट सिक्स्टीनाइन, टीचर्स या सगळ्या अनेक ठिकाणच्या माल्ट आणि धान्याच्या व्हिस्क्या मिसळून केलेल्या. ग्लेनफिडिकवाल्यांनी 1963 पासून आपली सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर जोमानं विकायला काढली, तोपर्यंत जगाला स्कॉच म्हणजे मिश्रणच ठाऊक होतं. बार्ली वाळवताना खाली पीट जाळलं, तर धुराचा वास दाण्यात बसतो आणि तो शेवटपर्यंत राहतो. पीट म्हणजे दलदलीतली हजारो वर्षांची कुजलेली झुडपं आणि शेवाळ. आयला बेटावर तेच इंधन होतं.

मग प्रत्येकाची आवड ठरत गेली. आत्याची ग्लेनमोरँजी. तिथली ऊर्ध्वपातनाची भांडी स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, पाच मीटरच्या वर. जड वाफा तिथवर चढत नाहीत, म्हणून दारू हलकी उतरते. तिनं हे वाचून काढलं होतं आणि सगळ्यांना शिकवलं, फळ्यावर शिकवावं तसं. थोरल्या काकांना शेरीच्या पिंपातली, मनुकांचा गोडवा असलेली. मला आयलाची. लागाव्हुलिन आणि बरोबर तळलेले सुके बोंबील, या जोडीला माझ्या जिभेवर तोड नाही. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला मीठ, धूर आणि मासळी एकत्र आल्यावर आणखी काय लागतं? काजू, चीज, चॉकलेट बाजूला ठेवा. कडक तळलेला बोंबील, वर लिंबू पिळायचं नाही, एवढं पथ्य.

वडिलांना ग्लेनलिव्हेटचा इतिहास फार आवडायचा. स्कॉटलंडमधल्या ज्या दरीत ती होते, तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि नंतरही चोरून भट्ट्या चालायच्या. कर इतका होता की कायद्यानं दारू गाळणं कुणाला परवडत नसे. 1823 मध्ये ब्रिटिश संसदेनं कर उतरवला, थोड्या फीत परवाना द्यायला सुरुवात केली. 1824 मध्ये जॉर्ज स्मिथनं त्या दरीत पहिला परवाना घेतला, तर शेजारचे चोर-भट्टीवाले त्याच्या जिवावर उठले. तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. वडील म्हणायचे, बघा, त्यांच्याही दरीत तेच होतं जे आपल्या खाडीत होतं. त्यांनी परवाना दिला आणि वाट पाहिली. आपण मोहाच्या झाडाखाली बसणाऱ्यांवर धाडी घातल्या. मोहाची दारू नीट गाळून, पिंपात ठेवून, अभिमानानं बाटलीत भरायचा विचार इतकी वर्षं कुणी केला नाही, याची त्यांना मनापासून खंत होती. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी त्यांनी कापून ठेवली होती.

म्हणूनच अमृतची बाटली आली तो दिवस वडिलांसाठी मोठा. बंगळुरूच्या चुलतभावानं ती आणली. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये बंगळुरूत अमृत डिस्टिलरीज सुरू केली. त्यांचे चिरंजीव नीलकंठराव आणि नातू रक्षित यांनी भारतीय सिंगल माल्ट काढली आणि 2004 मध्ये ती थेट ग्लासगोला नेऊन उभी केली. स्कॉटलंडच्या अंगणात! जिम मरे या समीक्षकानं 2010 च्या आपल्या 'व्हिस्की बायबल'मध्ये अमृत फ्यूजनला जगातली तिसरी ठरवलं. फ्यूजनमध्ये भारतातली बार्ली आणि स्कॉटलंडची पीट लावलेली बार्ली एकत्र येतात. जगदाळे हे आडनाव वाचूनच आमच्याकडे अर्धी बाटली संपली असती, पण थोरल्या काकांनी रेघ मारून ठेवली.

उष्णतेचा मुद्दा तेव्हा नीट कळला. पिंपातून दरवर्षी काही दारू उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो साधारण दोन टक्के, बंगळुरूला दहा-बारा टक्के. म्हणजे इथे पिंप लवकर रिकामं होतं, पण दारू लाकडातलं सत्त्वही लवकर घेते. चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट तोंडात मोठी वाटते ती यामुळे. बाटलीवरचे वर्षांचे आकडे पाहून दर्जा ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. गोव्यात कुंकळ्ळीची पॉल जॉन 2012 मध्ये बाजारात आली. ती गोव्याहून गाडीत घालून आणायची तर परवान्याचे कागद लागतात, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर ते दाखवावे लागतात. आता नाशिकजवळ दिंडोरीलाही लाँगिट्यूड सेव्हंटीसेव्हन होते. द्राक्षांच्या मुलखात माल्ट. वडील ती चाखायला राहिले नाहीत.

स्कॉच आता माणसाबरोबर यायची वाट पाहावी लागत नाही. परदेशी मालावरची आयातीच्या संख्येची बंधनं 2001 मध्ये उठली, पण मूळ आयात कर 150 टक्के राहिला. राज्यानं 2021 च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 वरून 150 टक्क्यांवर आणलं, तेव्हा ठाण्याच्या दुकानांत बाटल्या एकदम आवाक्यात आल्या. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात आयात कर आधी 75 आणि दहाव्या वर्षापर्यंत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. राम मारुती रोडवरून घोडबंदरपर्यंत चक्कर मारली तर आयलाच्या दोन-तीन बाटल्या सहज दिसतात. कायद्यानं परवाना अजूनही लागतोच आणि तो पंचविशीनंतर. आमच्या पुतण्यांनी पंचविशी गाठल्यावर आधी परवाने काढले. आजोबांना जे लिहून द्यावं लागलं होतं, ते या मुलांना लिहावं लागलं नाही, याचं समाधान मला वाटतं.

मिळू लागली म्हणून पिणं वाढलं का? आमच्या घरात नाही. उलट सोड्यात बुडवून दोन पेग उरकणाऱ्या घरात आता एक पेला तासभर चालतो. थोरले काका अजून आहेत. हात कापतो म्हणून ओतायचं काम त्यांनी आत्याकडे दिलं, पण रांग त्यांच्या नजरेखाली लागते. त्यांना कितीही नामांकित माल्ट द्या, शेवटी ते थोडी ओल्ड मंक मागतात. बरोबरीचे सगळे भाऊ ज्या पेल्यांतून ती घेत आले, त्यातला एक पेला त्यांनी आपल्याकडे ठेवलेला आहे, आणि रम त्यातच लागते.

आता नवी बातमी पुतणीची. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून ती केमिकल इंजिनीअर झाली आणि मद्यनिर्मिती शिकायला एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात गेली. तिच्या आईला शेजारणी विचारतात, मुलगी काय शिकते, आणि वहिनी न अडखळता सांगतात. तिचा प्रकल्प भारतातल्या भरड धान्यांच्या माल्टवर आहे. परवा तिनं आईला फोन करून नाचणीला मोड आणताना पाणी किती वेळा बदलता, फडक्यात किती वेळ ठेवता, उन्हात वाळवता की सावलीत, असं सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. आईनं अर्धा तास सांगितलं. ती गणपतीत येते आहे. येताना बाटली आणणार हे उघड आहे, आणि ती उघडायची कधी यावर डोंबिवलीचे आणि कल्याणचे काका आत्ताच भांडत आहेत. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष, मग नवरात्र, आणि तिची परतीची तारीख घटस्थापनेच्या आधीची. आत्याचं म्हणणं, पोरीचं शिक्षणच ते आहे, तिच्यासाठी नियम एकदा वाकवा. थोरल्या काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.